काहीच न दाखवणारे चित्र काय दाखवते? गायतोंडे आणि अनुभूतीतून आलेली कला

सप्टेंबर २०२५ मध्ये वासुदेव गायतोंडे यांचे १९७० सालचे एक चित्र लिलावात ६७ कोटी रुपयांहून अधिक किमतीला विकले गेले. ती बातमी वाचून आणि तिच्यासोबतचा तळहाताएवढा फोटो पाहून माझ्या ओळखीच्या अनेकांनी एकच प्रश्न विचारला, की यात आहे तरी काय? चित्रात माणूस नाही, झाड नाही, देऊळ नाही. चित्राला नावही नाही. जाणकारांकडे विचारणा करावी तर ध्यान, मौन, झेन, आत्मानुभव असे शब्द ऐकू येतात आणि गोंधळ कमी होण्याऐवजी वाढतो. ज्याला चित्रकलेचे शिक्षण नाही, पण ज्याचे कुतूहल प्रामाणिक आहे, अशा वाचकाला या शब्दांचा नेमका अर्थ सांगावा, आध्यात्मिक अनुभवातून चित्र जन्मते म्हणजे प्रत्यक्षात काय घडते ते उलगडावे, आणि त्या दाव्यावर किती विश्वास ठेवावा याचाही विचार करावा, एवढ्यासाठी हा लेख आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ

पहिला शब्द ‘अमूर्त’. ज्या चित्रात ओळखू येईल अशी वस्तू नसते त्याला आपण सरसकट अमूर्त म्हणतो, परंतु या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. होडीचे चित्र काढता काढता चित्रकार तिचे तपशील गाळत गेला आणि शेवटी एक वक्र रेषा व निळा पट्टा एवढेच उरले, तर ते होडीचे सार झाले. उसाचा रस काढावा, तो आटवावा आणि गूळ करावा, तसे ते आहे. गुळात ऊस दिसत नाही, पण गूळ उसातूनच आलेला असतो. दुसऱ्या प्रकारच्या चित्रात मुळात ऊसच नसतो. तानपुऱ्याचा स्वर हा कशाची नक्कल नसतो, पावसाची नाही की पाखराची नाही; तो केवळ स्वर असतो. गायतोंडे यांना स्वतःच्या चित्रांसाठी ‘अमूर्त’ हा शब्द मान्य नव्हता, आपली चित्रे ‘वस्तुनिरपेक्ष’ आहेत असे त्यांचे म्हणणे होते, ते या अर्थाने. एखाद्या वस्तूचे सार त्यांना काढायचे नव्हते. त्यांची सुरुवातच वस्तूपासून होत नव्हती.

दुसरा शब्द ‘गूढानुभव’ किंवा आपल्या परंपरेतली ‘अनुभूती’. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत अशा अनुभवाच्या चार खुणा सांगितल्या. तो शब्दांत सांगता येत नाही. तो नुसती भावना नसून काहीतरी कळल्याची खात्री देतो. तो फार वेळ टिकत नाही. आणि तो आपण घडवून आणला असे न वाटता आपल्यावर घडला असे वाटते. यांतली पहिली खूण मराठी वाचकाला नवी नाही. गीतेचा अर्थ कसा घ्यावा हे सांगताना ज्ञानेश्वरांनी पहिल्याच अध्यायात लिहून ठेवले आहे: ‘हें शब्देंवीण संवादिजे । इंद्रियां नेणतां भोगिजे । बोलाआधि झोंबिजे । प्रमेयासी ॥’ बोलाच्या आधी अर्थाला जाऊन भिडायचे, ही मागणी शब्दांच्या सम्राटाने स्वतः केलेली आहे, हे मला नेहमी विलक्षण वाटते.

जे सांगता येत नाही ते रंगवायचे कसे?

मुक्याने साखर खाल्ली तर चव त्याला कळते, सांगता येत नाही, हा संतांचा आवडता दृष्टान्त आहे. चित्रकाराची अडचण याहून एक पाऊल पुढची असते, कारण त्याला ती चव दुसऱ्याच्या जिभेवर ठेवायची असते. या अडचणीतून कलावंतांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या आणि त्या वाटा एकमेकींपासून वेगळ्या ओळखता आल्या, की अर्धा गोंधळ मिटतो.

सर्वांत जुनी वाट म्हणजे जे दिसले ते काढणे. बाराव्या शतकात ऱ्हाइन नदीच्या परिसरातील मठात राहणाऱ्या हिल्डेगार्ड या साध्वीने वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ११४१ साली, आपल्याला होणारी दर्शने लिहून काढायला सुरुवात केली. त्या ग्रंथाच्या हस्तलिखितात आगीची वर्तुळे, कोसळणारे तारे आणि अंड्याच्या आकाराचे विश्व रंगवलेले आहे. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट या चित्रकर्तीची वाट याच्याच जवळची. स्टॉकहोमच्या कला अकादमीत रीतसर शिकलेली ही बाई निसर्गचित्रे काढून उपजीविका करीत होती आणि चार मैत्रिणींसोबत प्रेतात्म्यांशी संपर्काच्या बैठकाही करीत होती. सूक्ष्म लोकातील मार्गदर्शकांनी हे काम आपल्यावर सोपवले आहे अशा श्रद्धेने तिने १९०६ ते १९१५ या काळात १९३ चित्रांची मालिका केली. त्यांतली १९०७ सालची दहा चित्रे तीन मीटरहून उंच आहेत. आपल्या मृत्यूनंतर निदान वीस वर्षे ही चित्रे दाखवू नयेत अशी तिची इच्छा होती. ती १९४४ साली वारली. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात २०१८-१९ मध्ये तिचे प्रदर्शन भरले तेव्हा ते सहा लाखांहून अधिक लोकांनी पाहिले.

दुसरी वाट चिन्हाची. यंत्र म्हणजे बिंदू, त्रिकोण, वर्तुळ, चौकोन यांची अशी मांडणी, की जिच्यावर नजर स्थिर करून साधक मन एकाग्र करतो. चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा काळा बिंदू या कुळातला आहे. मध्य प्रदेशातल्या जंगलाजवळच्या खेड्यात शिकत असताना त्यांचे चित्त थाऱ्यावर राहीना, म्हणून शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे पाहत बसायला सांगितले, ही आठवण रझा अनेकदा सांगत. नागपूर आणि मग मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकून ते १९५० साली पॅरिसला गेले आणि तिथे तीसेक वर्षे काढल्यावर तो ठिपका त्यांच्या कॅनव्हासच्या मध्यभागी येऊन बसला. रझांचे चित्र पाहताना काही अंशी वाचता येते, बीज, पंचतत्त्वे, प्रकृती-पुरुष असे त्याचे अर्थ लावता येतात, म्हणून नवख्या प्रेक्षकाला ते कमी परके वाटते.

गायतोंडे यांची वाट या दोन्हींहून निराळी आहे आणि म्हणूनच ती समजायला अवघड आहे. त्यांनी कोणतेही दर्शन झाल्याचा दावा केला नाही आणि वाचता येईल असे चिन्हही ठेवले नाही. त्यांच्या काही चित्रांत अक्षरांसारखे आकार तरंगताना दिसतात, परंतु ते कोणत्याही लिपीतले नाहीत. अनुभवाचे चित्र काढण्याऐवजी, अनुभव ज्या अवस्थेत येतो त्या अवस्थेतच काम करायचे आणि त्या कामाचा जो माग कॅनव्हासवर राहील तो तसाच ठेवायचा, हा त्यांचा मार्ग. वारीत चालणाऱ्याला विठ्ठल भेटला की नाही याचा पुरावा कोणी मागत नाही, पण त्याच्या टाचांच्या भेगा तो किती चालला हे सांगतात. गायतोंडे यांच्या चित्राकडे मी तसे पाहतो.

शेंदराच्या दगडापुढे आपण अर्थ विचारतो का?

वस्तू दिसत नसेल तर पाहायचे काय, ही तक्रार मराठी माणसाने करावी याचे मला थोडे नवल वाटते. गावाच्या शिवेवरचा म्हसोबा, शेताच्या बांधावरचा देव, कित्येक देवींचे तांदळे यांना नाक-डोळे असतातच असे नाही. तांदळा म्हणजे घडवलेल्या मूर्तीऐवजी पुजला जाणारा नुसता पाषाण. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या तेल आणि शेंदूर चढत जातो, थरावर थर बसतो, मूळ दगडाचा आकार हरवून एक गोलसर, जड, आतून उजळल्यासारखा केशरी उंचवटा तयार होतो. त्या उंचवट्यात ‘काय काढले आहे’ असे आपण विचारत नाही. तो किती हातांनी, किती मंगळवारी, किती नवसांच्या वेळी तयार झाला आहे, हे न सांगता कळते आणि आपण चप्पल काढून उभे राहतो.

वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड लेप २०२२ मध्ये काढण्यात आला, तेव्हा खालचे रूप पाहून अनेक भाविकांना भरून आले, आणि रोजची ओळखीची देवी बदलली असेही काहींना वाटले असणार. थर चढवणे आणि थर उतरवणे या दोन्ही क्रियांना आपल्याकडे अर्थ आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण गायतोंडे यांची कामाची पद्धत नेमकी या दोन क्रियांची होती. अर्थात त्यांनी शेंदरावरून प्रेरणा घेतली असे मला सुचवायचे नाही; पाहणाऱ्याकडे पाहण्याची सवय आधीपासून आहे, एवढेच सांगायचे आहे.

मुंबईहून युरोपात आणि परत

या कलेला ‘पाश्चात्त्यांची नक्कल’ म्हणणारेही पुष्कळ आहेत, म्हणून थोडा इतिहास सांगणे भाग आहे. थिऑसॉफिकल सोसायटी ही संस्था १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. १८७९ मध्ये तिच्या संस्थापकांनी आपला मुक्काम मुंबईला हलवला आणि १८८२ मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला. वेदान्त, बौद्ध विचार आणि पाश्चात्त्य गूढविद्या यांचे मिश्रण करणाऱ्या या संस्थेने, प्रत्येक विचाराला आणि भावनेला सूक्ष्म रंग व आकार असतो अशी कल्पना युरोपभर पसरवली. संस्थेतील अ‍ॅनी बेझंट आणि लेडबीटर यांनी तर अशा ‘विचाररूपांची’ रंगीत चित्रेच छापून प्रसिद्ध केली. ही कल्पना शास्त्र म्हणून टिकणारी नाही. परंतु चित्रकारांना तिने एक दार उघडून दिले: रंगाला वस्तूचा आधार घ्यावा लागत नाही, तो थेट मनाशी बोलू शकतो. डच चित्रकार मोंद्रियान १९०९ साली या संस्थेचा सभासद झाला. रशियन चित्रकार कँडिन्स्कीने १९११ च्या अखेरीस कलेतील आध्यात्मिकतेविषयी जे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात थिऑसॉफीचा उल्लेख आदराने येतो. हिल्मा आफ क्लिंटही याच विचारांच्या सान्निध्यात होती.

कँडिन्स्की आणि चित्रकार पॉल क्ले पुढे जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवू लागले आणि त्या दोघांची चित्रे डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्यात प्रदर्शित झाली. नंतर नाझी राजवटीपासून सुटका करून घेत मुंबईत आलेल्या ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांच्यासारख्या मंडळींच्या घरी तरुण चित्रकारांना आधुनिक युरोपीय चित्रांचा परिचय होऊ लागला. गोव्याच्या कुटुंबात, १९२४ साली नागपुरात जन्मलेले आणि गिरगावच्या चाळीत वाढलेले गायतोंडे १९४८ साली जे. जे. मधून पदविका घेऊन बाहेर पडले, ते या वातावरणात. जैन हस्तलिखितांतील चित्रे आणि पहाडी लघुचित्रे यांचा त्यांनी अभ्यास केला. मग क्लेच्या चित्रांनी त्यांना ओढून घेतले. त्यानंतर, १९५९ च्या सुमारास झेन त्यांच्या आयुष्यात आले. झेन हा शब्द मुळात आपलाच आहे: संस्कृतातले ‘ध्यान’ चीनमध्ये ‘चान’ झाले आणि जपानमध्ये ‘झेन’. शास्त्रचर्चेपेक्षा प्रत्यक्ष बसण्यावर, शब्दापेक्षा मौनावर भर देणारा हा बौद्ध पंथ. निसर्गदत्त महाराज, रमण महर्षी आणि जे. कृष्णमूर्ती यांच्या शिकवणीकडेही गायतोंडे ओढले गेले. यांपैकी निसर्गदत्त महाराज मुंबईच्या खेतवाडीतल्या लहानशा घरात मराठीतून निरूपण करीत असत. म्हणजे ज्याला नक्कल म्हटले जाते ती वस्तुतः अनेक दिशांनी झालेली देवघेव आहे, आणि तिचा एक मोठा टप्पा गिरगाव-खेतवाडीच्या पायी चालण्याच्या अंतरात आहे.

गायतोंडे चित्र करीत ते कसे

इथे थोडे थांबून तपशिलात जावे लागेल, कारण सगळे रहस्य, जे काही आहे ते, कृतीतच आहे. १९५० च्या दशकानंतर त्यांनी ब्रश जवळजवळ बाजूला ठेवला आणि रोलर व रंग खरवडण्याची पातळ सुरी हातात घेतली. ब्रशच्या फटकाऱ्यात माणसाचे अक्षर उमटते. तो घाईत होता, रागात होता, की मजेत, हे कळते. रोलर हे अक्षर पुसून टाकतो. आपल्या हाताची ओळख पुसण्यासाठी साधन बदलणे ही माझ्या मते तांत्रिक सोय नव्हती, ‘मी’ बाजूला करण्याच्या साधनेचाच तो भाग होता.

तेलरंगाचा पातळ थर द्यायचा, तो हवा तेवढा सुकू द्यायचा, त्यावर दुसरा द्यायचा, काही भाग खरवडून खालचा रंग वर आणायचा, कधी रंग लावलेले कागदाचे तुकडे दाबून त्यांचा ठसा उमटू द्यायचा, आणि पुन्हा थांबायचे. तेलरंग सुकायला दिवसच्या दिवस लागतात, त्यामुळे या पद्धतीत घाई करताच येत नाही. वर्षाकाठी त्यांची पाच-सहाच चित्रे पूर्ण होत. उरलेला वेळ कोऱ्या किंवा अर्धवट कॅनव्हाससमोर बसून पाहण्यात जाई. आपली सुरुवात मौनातून होते, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्यांनीही ते मौन अनुभवल्याचे नोंदवले आहे. या काळातले बरेच कॅनव्हास उभे, साधारण ६० इंच उंच आणि ४० इंच रुंद, म्हणजे समोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या मापाचे आहेत.

ही चित्रे आतून उजळल्यासारखी का दिसतात, याला साधे भौतिक कारण आहे. जाड, अपारदर्शक रंगावर पडलेला प्रकाश वरच्या वर परततो. पातळ, अर्धपारदर्शक थरांतून मात्र तो आत शिरतो, खालच्या उजळ पृष्ठभागावर आदळतो आणि परतताना प्रत्येक थरातून गाळून बाहेर येतो. दिवाळीतला आकाशकंदील आपल्याला बाहेरून रंगवलेल्या डब्यापेक्षा जिवंत वाटतो तो यामुळेच, की प्रकाश कागदाच्या मागून येत असतो. फोनच्या पडद्यावरच्या फोटोत हे थर एकमेकांत चेपून सपाट होतात. म्हणून फोटो पाहून ‘यात काही नाही’ असे वाटणे चूक नाही. फोटोत खरोखरच ते नसते.

‘असे तर लहान मूलही काढेल’

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. लहान मूल मुक्तपणे रंग पसरते आणि ते सुंदरही दिसते. पण प्रश्न एका चित्राचा नसतो. रोज सकाळी रियाज करणाऱ्या गायकाचा षड्ज आणि सहज लागून गेलेला सूर, एका क्षणापुरते, सारखे वाटू शकतात. दोन तासांच्या मैफलीत ते सारखे राहत नाहीत. गायतोंडे यांनी आधी मानवाकृती काढल्या, त्या उत्तम काढल्या, आणि त्यानंतर चार दशके एकेक गोष्ट सोडत गेले. काय सोडले हे ठाऊक असलेल्या माणसाची रिकामी जागा आणि काहीच ठाऊक नसल्याने राहिलेली रिकामी जागा यांतला फरक समोर उभे राहिल्यावर हळूहळू जाणवतो. तो पहिल्या मिनिटात जाणवेल असे मी म्हणणार नाही. ख्यालाच्या आलापात शब्द जवळजवळ नसतात, तरी ‘अर्थ काय’ असे आपण विचारत नाही, कारण कानाला सवय आहे. डोळ्याला तीच सवय लावण्याची संधी आपल्या शाळांनी आपल्याला दिली नाही, याची मला मनापासून खंत आहे.

‘अनुभव आला होता कशावरून?’

हा सर्वांत महत्त्वाचा आक्षेप आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग ढोंगाचा. कोणीही उठून ‘हे ध्यानातून उतरले’ असे म्हणू शकतो आणि बाजारात तसे म्हणणाऱ्यांची उणीव नाही. यावर उत्तर एकच, की अध्यात्माचा दावा हे चित्राच्या गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे. खरा साधक वाईट चित्र काढू शकतो. भजन मनापासून म्हणणारा बेसूर असू शकतो. चित्र चित्र म्हणून उभे राहते का, हे रंग, तोल, पोत आणि अवकाश यांवरूनच पाहिले पाहिजे.

दुसरा भाग वैद्यकीय आहे. हिल्डेगार्डच्या चित्रांतील लखलखते ठिपके आणि तटबंदीसारख्या नागमोडी रेषा पाहून विज्ञानेतिहासकार चार्ल्स सिंगर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे सुचवले, की तिला अर्धशिशीचा विकार असावा. त्या विकारात डोकेदुखीच्या आधी अनेकांना असेच प्रकाशाचे आकार दिसतात. हे खरे असू शकते. परंतु अर्धशिशी लाखो लोकांना होते आणि त्यांतले बहुतेक अंधाऱ्या खोलीत पडून ती ओसरण्याची वाट पाहतात. हिल्डेगार्डने त्या प्रकाशाला विश्वाचा आराखडा दिला, त्यातून ग्रंथ लिहिला, संगीतरचना केल्या. ठिणगी कुठून आली याचे उत्तर मिळाल्याने चूल कशी पेटली आणि तिच्यावर काय शिजले याचे उत्तर मिळत नाही. गायतोंडे यांच्या बाबतीत तर दर्शनाचा दावाच नसल्यामुळे हा प्रश्न फारसा लागू होत नाही. त्यांनी सांगितलेली गोष्ट एवढीच, की ते गप्प बसत आणि पाहत. ती तर आपणही करून पाहू शकतो.

‘आमची श्रद्धा नाही, मग हे आमच्यासाठी नाही का?’

आहे. गायतोंडे कर्मकांड करणारे नव्हते आणि त्यांच्या चित्रात कोणताही देव नाही, ज्याला मानल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. अमेरिकेत ह्यूस्टन येथे मार्क रॉथको या चित्रकाराच्या १४ काळसर, जांभळट चित्रांचे एक प्रार्थनागृह १९७१ मध्ये उघडले. तिथे कोणत्याही धर्माचा किंवा धर्म नसलेला माणूस जाऊन बसतो. आवाजाच्या गर्दीत राहणाऱ्या माणसाला काही वेळ कशाचेही नाव न घेता पाहत बसण्याची मुभा मिळणे, ही श्रद्धेपूर्वीची गरज आहे असे मला वाटते.

पाहायचे कसे, एवढे मात्र सांगता येईल. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंग्राहक जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे, त्यात गायतोंडे आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहातही आहेत. चित्रे नेहमीच भिंतीवर असतात असे नाही, तेव्हा आधी चौकशी करून जावे. चित्रापासून सहा-सात फुटांवर उभे राहावे आणि निदान दहा मिनिटे हलू नये. पहिली दोन-तीन मिनिटे मन आकार शोधते: हा ढग, हे क्षितिज, हा पाण्यातला दगड. शोधू द्यावे. त्यानंतर कंटाळा येतो, आणि बहुतेक लोक इथेच पुढच्या दालनात जातात. मीही पहिल्या दोन वेळी गेलो होतो. तिसऱ्या वेळी पाय दुखत होते म्हणून समोरच्या बाकावर बसून राहिलो, आणि बऱ्याच वेळाने लक्षात आले, की जो भाग मला सपाट पिवळा वाटत होता त्याच्या खाली हिरवट काहीतरी आहे, त्याच्याही खाली तांबूस आहे, आणि ते मागे-पुढे श्वास घेतल्यासारखे हलते आहे. मला कोणतीही अनुभूती आली असे मी म्हणत नाही. मला दिसू लागले, एवढेच.

६७ कोटी कशाचे?

मौनाचे नक्कीच नाहीत. किंमत ठरते ती दुर्मीळतेवरून, मागणीवरून आणि जगातल्या मोठ्या संस्थांनी दिलेल्या मान्यतेवरून. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांच्या एका चित्राला सुमारे २३ कोटी ७० लाख रुपये मिळाले. २०१४-१५ मध्ये गुगनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन झाले. नंतरच्या दशकात आकडे ४० कोटींच्या आसपास गेले आणि आता त्याही पुढे. वर्षाला पाच-सहा चित्रे करणाऱ्या आणि आता हयात नसलेल्या कलावंताची चित्रे वाढू शकत नाहीत, श्रीमंत संग्राहक मात्र वाढतात. किमतीवरून चित्र थोर ठरवू नये आणि किमतीच्या रागाने ते टाकाऊही ठरवू नये. ती बातमी अर्थकारणाची आहे. लिलावातले हे पैसे बहुतांशी चित्र विकणाऱ्या मालकाला मिळतात. गायतोंडे स्वतः दिल्लीत निजामुद्दीन भागातल्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, कित्येक वर्षे अगदी मोजक्या सामानात राहिले.

रंगवणे थांबले तेव्हा

१९८४ साली दिल्लीत त्यांना अपघात झाला आणि त्यानंतर काही वर्षे मोठ्या कॅनव्हासवर काम करणे त्यांना शक्य झाले नाही. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान लहान रेखाटने केली; पांढऱ्या जागेत थोड्याशा काळ्या खुणा, इतकेच त्यांत आहे. मग ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस रंगवणे कायमचे थांबले. त्याविषयी विचारल्यावर त्यांनी सांगितले होते, की आपण अजूनही चित्रे करतो, मनात करतो. उरलेली शक्ती जपायची असल्यामुळे ती कॅनव्हासवर रंग लावण्यात खर्च करीत नाही. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. त्या शेवटच्या वर्षांत मनात झालेली चित्रे कशी होती हे कोणालाच कळणार नाही; त्यांच्या लेखी मात्र ती पूर्ण झालेली होती.